ऑक्टेव्हिया १.८ टर्बो: इंजेक्टर आणि इग्निशन बदलताना

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे स्कोडाने २००१ साली ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू केली आणि २००४ मध्ये त्याच गाडीची व्हीआरएस ही टर्बो पेट्रोल आवृत्ती भारतात आली. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले तिचे १७८१ सीसीचे इंजिन १५० अश्वशक्ती देत असे. याच कुळातील इंजिनाने के०४ नावाच्या थोड्या मोठ्या टर्बोसह ऑडी टीटीमध्ये २२५ अश्वशक्ती दिली. त्यामुळे आजही ज्यांच्याकडे ही गाडी जपून ठेवलेली आहे, त्यांपैकी अनेकांना मोठा टर्बो बसवून २५० अश्वशक्तीपर्यंत जावेसे वाटते. त्या टप्प्यावर पेट्रोल फवारणारे मूळ इंजेक्टर अपुरे पडतात आणि इग्निशनमधील, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेतील, एरवी लपून राहणारे दोष उघडे पडतात. पुढील मार्गदर्शन त्याच टप्प्यासाठी आहे.

नवे सुटे भाग मागवण्याआधी गाडी मोजून घ्यावी. गाडीच्या संगणकातील मापे वाचणाऱ्या व्हीसीडीएससारख्या प्रणालीने मेजरिंग ब्लॉक ००२ (मापांचा एक गट) उघडला, की इंजिनाचे फेरे, भार, इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ आणि आत येणारी हवा ही चारही मापे एकत्र दिसतात. चार स्ट्रोक इंजिनात एक पूर्ण चक्र दोन फेऱ्यांत होते, म्हणून मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर एका चक्राला सुमारे १८.५ मिलिसेकंद मिळतात. पूर्ण थ्रॉटलवर इंजेक्टर १५.७ मिलिसेकंद उघडा दिसत असेल, तर तो ८५ टक्के वेळ उघडा आहे आणि त्यापुढे त्याच्यावर भरवसा ठेवू नये. इंजेक्टर ६० टक्क्यांवरच असेल आणि टर्बो बदलण्याचा विचार नसेल, तर मोठे इंजेक्टर घेण्याचे कारण उरत नाही, कारण ताकद टर्बोने आत ढकललेल्या हवेतून येते आणि त्या हवेला पुरेल इतके पेट्रोल देणे एवढेच इंजेक्टरचे काम असते.

किती मोठा इंजेक्टर लागेल याचा हिशेब कागदावर करता येतो. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम इंधन घेते असे धरले, तर २५० अश्वशक्तीसाठी तासाला ६७.५ किलो, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमागे सुमारे १६.९ किलो पेट्रोल लागेल. ८५ टक्क्यांची मर्यादा लावली आणि पेट्रोलची घनता लिटरला ७५० ग्रॅम धरली, की उत्तर मिनिटाला सुमारे ४४० सीसी येते. टीटीचे सुमारे ३८० सीसीचे इंजेक्टर ३ बारऐवजी ४ बारच्या इंधनदाब रेग्युलेटरवर चालवले तरी जवळपास तेवढाच प्रवाह मिळतो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. एकेकाळी हा सोपा आणि स्वस्त मार्ग होता. आता आपल्याकडच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागत असल्याने त्याच हवेसाठी इंधन सात-आठ टक्के अधिक द्यावे लागते. ४४० चे ४७५ होतात आणि तो मार्ग तोकडा पडतो. म्हणून या कामासाठी ३ बारवर ५५० सीसीचे, बॉशच्या ईव्ही१४ पद्धतीचे, उच्च विद्युत रोधाचे इंजेक्टर घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. हजार सीसीचे इंजेक्टर मात्र घेऊ नयेत. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन संथ चालते तेव्हा, त्यांना इतका कमी वेळ उघडावे लागते की मिश्रण स्थिर ठेवणे अवघड जाते.

इंजेक्टर घेताना चारांचा जुळवलेला संच घ्यावा आणि प्रत्येकाच्या प्रवाहाची चाचणी झाल्याचा कागद मागावा. एक इंजेक्टर पाच टक्के कमी इंधन देत असला, तर हवा-पेट्रोलचे प्रमाण ओळखणारा लॅम्डा सेन्सर चौघांची सरासरी सांगतो आणि त्या एका सिलिंडरमधील कोरडे मिश्रण कोणाच्याही लक्षात येत नाही. पिस्टन वितळल्यावरच ते कळते. इंजेक्टरची लांबी आणि कनेक्टरचा आकार आपल्या रेलशी (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीशी) जुळतो का, नसल्यास अडॅप्टर संचात आहे का, हेही आधी पाहावे. टाकीतील पंप जुना असेल तर तोही बदलावा. थकलेला पंप पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या हवेच्या दाबावर) दाब टिकवू शकला नाही, तर वरचा सगळा हिशेब निरर्थक ठरतो.

तरीही पहिला हात इग्निशनला लावावा. सिलिंडरमधला दाब वाढला, की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. या इंजिनाच्या प्रत्येक प्लगवर हे व्होल्टेज देणारी स्वतंत्र कॉइल बसते, आणि या कॉइल निकामी होण्याची तक्रार जगभर झाली आहे. त्याहून अधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कॉइलकडे जाणारी वायरिंग: इंजिनाच्या उष्णतेने तिचे वेष्टन कडक होऊन तुकड्यातुकड्यांनी गळते, आणि नव्या कॉइल बसवूनही मिसफायर (सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे) राहतो तो बहुधा यामुळेच. वायर हलकेच वाकवून पाहावी. वेष्टन तडकले, तर संपूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावा, टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नये.

चार पिनांच्या कॉइल असलेल्या गाडीत नंतरच्या २.० टीएफएसआय इंजिनाच्या कॉइल अडॅप्टर प्लेटसह बसतात, आणि हा बदल खरोखर उपयोगाचा आहे. बाहेर वेगळे इग्निशन मॉड्यूल असलेल्या जुन्या रचनेत त्या थेट चालत नाहीत. प्लगसाठी एनजीकेचा बीकेआर७ई योग्य ठरतो. एनजीकेच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग अधिक थंड होतो, बॉशच्या क्रमांकात याच्या उलट, त्यामुळे खरेदी करताना गोंधळ होऊ देऊ नये. फट ०.७ मिलिमीटर ठेवावी. प्लग थंड इंजिनात, कोरड्या आट्यांवर, टॉर्क रेंचने ३० न्यूटन-मीटरला आवळावा. एवढे झाल्यावर गाडी पुन्हा चालवून ब्लॉक ०१५ आणि ०१६ मधील मिसफायरची मोजणी शून्यावर आहे, याची खात्री करून मगच इंधनाकडे वळावे. दोन्ही बदल एकाच दिवशी केले, तर पुढे येणारा झटका ठिणगीचा की पेट्रोलचा हे शोधण्यात आठवडा जातो.

इंजेक्टर बसवण्याचे काम अवघड नाही, पण पेट्रोल दाबाखाली असते, म्हणून मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर, अग्निशामक हाताशी ठेवूनच ते करावे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, नंतर बॅटरीचे ऋण टोक सोडावे. इंजेक्टरच्या बुडाभोवती साचलेली धूळ हवेच्या झोताने उडवून टाकावी. ती इनटेकमध्ये पडली तर व्हॉल्व्हपर्यंत जाते. कनेक्टर काढून, रेलचे दोन बोल्ट सोडून, रेल इंजेक्टरसह सरळ वर उचलावी. रेल सोडताना उरलेले थोडे पेट्रोल सांडतेच, म्हणून खाली कापड अंथरावे. नव्या इंजेक्टरच्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावून ते सरळ दाबावेत, क्लिप नीट बसल्याचे पाहावे आणि बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटरला आवळावेत. जुन्या ओ-रिंग पुन्हा वापरू नयेत. इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटॉन रबराच्याच घ्याव्यात. त्यानंतर पंपाचा फ्यूज आणि बॅटरी पुन्हा जोडून, पण प्लगकडे जाणारी वीज तोडलेली ठेवून, चावी अनेकदा चालू-बंद करावी, रेलमध्ये दाब भरू द्यावा आणि प्रत्येक जोडावर टॉर्चच्या प्रकाशात ओल शोधावी. थेंब दिसला तर इंजिन सुरू करायचे नाही.

यापुढचे काम ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे आहे आणि त्याविना गाडी रस्त्यावर नेऊ नये. बॉशच्या एमई७ प्रणालीत इंजेक्टरचा आकार केआरकेटीई या स्थिरांकात असतो. तो प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ३१७ सीसीच्या जागी त्याच दाबावर ५५० सीसी आले, तर तो मूळच्या सुमारे ०.५८ पट होतो. यासोबत टीव्हीयूबी ही सारणीही भरावी लागते. वीज मिळाल्यापासून इंजेक्टर खरोखर उघडेपर्यंत जो विलंब लागतो, तो बॅटरीचे व्होल्टेज कमी झाले की वाढतो, आणि प्रत्येक इंजेक्टरचे हे आकडे त्याचा निर्माता देतो. ट्यूनरकडे, म्हणजे ईसीयूतील आकडे बदलणाऱ्या तंत्रज्ञाकडे, जाताना ते छापून न्यावेत. अंदाजाने विलंब भरणारा ट्यूनर कितीही नावाजलेला असला तरी त्याच्याकडून हे काम करून घेऊ नये.

रीमॅपनंतर, म्हणजे हे आकडे बदलल्यावर, ईसीयू आयडल आणि मध्यम भार यांवर स्वतः करत असलेली इंधन दुरुस्ती ब्लॉक ०३२ मध्ये दिसते. पहिला आकडा भरकटत असेल तर बहुधा विलंबाची सारणी किंवा हवेची गळती तपासावी, दुसरा भरकटत असेल तर स्थिरांक. दोन्ही पाच टक्क्यांच्या आत आले, की टप्प्याटप्प्याने बूस्ट वाढवून वाइडबँड मापकावर लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण; १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० ते ०.८५ दरम्यान राहतो का आणि ब्लॉक ०२० मध्ये ईसीयू कोणत्या सिलिंडरच्या ठिणगीचे टायमिंग मागे घेत आहे, हे पाहावे. एकाच सिलिंडरचे टायमिंग सतत मागे जात असेल, तर आधी त्याचा प्लग काढून पाहावा, मग त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करावा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला, तर तो पुन्हा चाचणीला पाठवावा. पूर्ण भाराची ही चाचणी डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंदिस्त ट्रॅकवरच करावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ बदलांवर मर्यादा घालते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचण करू शकतो, म्हणून मूळ इंजेक्टर, कॉइल आणि ईसीयूची मूळ फाइल जपून ठेवावी.