पुस्तकांवरून चरित्रपट लिहिताना स्वामित्वहक्काची काळजी

एखाद्याचा जन्म, तुरुंगवास वा मृत्यू या घटनांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो चरित्रकाराने त्या ज्या शब्दांत आणि रचनेत मांडल्या त्यांवर. म्हणून एकाच पुस्तकावर विसंबू नये. न्यायालयीन कागदपत्रे, जुनी वृत्तपत्रे स्वतः वाचावीत आणि पटकथेतील प्रत्येक प्रसंगासमोर त्याचा आधार पृष्ठक्रमांकासह नोंदवावा. खरा धोका, माझ्या मते, संवादांत असतो: बंद खोलीत नायक पत्नीला काय म्हणाला, हे चरित्रकाराने कल्पनेने रचले असेल, तर ते वाक्य उचलणे म्हणजे त्याची निर्मितीच उचलणे होय. पुस्तकाची मांडणीही हवी असल्यास हक्कधारकाशी (तो लेखकच असेल असे नाही) लेखी करार करावा. हयात व्यक्तींची बदनामी व खासगीपणा हा प्रश्न त्या कराराने सुटत नाही.