गरोदरपणात प्रवास करताय? मग आधी पाणी तोडायचं बंद करा

प्रवासाचा दिवस उजाडला की बहुतेकजणी पहिली गोष्ट काय करतात तर सकाळपासून पाणी कमी. वाटेत टॉयलेट मिळेल की नाही, मिळालं तरी कसलं असेल, सारखं सारखं गाडी थांबवायला सांगायचं म्हणजे बाकीच्यांची पण खोटी, त्यापेक्षा नुसता घसा ओला करायचा आणि पोचल्यावर काय ते बघू. आणि मग पोचेपर्यंत डोकं ठणकतंय, पाय सुजलेत, पोट अधूनमधून कडक होतंय आणि घरचे म्हणतात बघ तरी सांगत होतो प्रवास नको. प्रवासाने जेवढं होत नाही तेवढं या न पिलेल्या पाण्याने होतं, म्हणून हे सगळ्यात आधी लिहितेय.

का ते नीट समजून घ्या. गरोदरपणात रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं, बाळंतपणात जास्त रक्त जाऊ नये म्हणून शरीराने आधीच केलेली ती तयारी असते. वर वाढलेल्या गर्भाशयाचा भार पायाकडून वर येणाऱ्या शिरांवर पडतो. म्हणजे पायातलं रक्त हळू चाललंय, गोठायला टपलंय आणि आपण चार-पाच तास गुडघे दुमडून एका जागी बसलोय, त्यात पाणी पण नाही. यातून पायाच्या आतल्या शिरेत गुठळी होऊ शकते, डॉक्टर त्याला डीव्हीटी म्हणतात, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. हे रोज कोणाला होतं असं नाही पण गरोदर बाईला इतरांपेक्षा धोका जास्त असतो आणि ४ तासांच्या पुढच्या प्रवासात तो अजून वाढतो. दुसरं म्हणजे लघवी. हार्मोन्समुळे मूत्रमार्ग सैल पडलेला असतो, लघवी आत साठून राहते, त्यात आपण दाबून धरली की इन्फेक्शनला आयतं निमंत्रण आणि या दिवसात ते किडनीपर्यंत चढायला वेळ लागत नाही. बद्धकोष्ठतेबद्दल तर बोलायलाच नको, लोहाच्या गोळ्या चालू असणाऱ्या प्रत्येकीला ते माहितीये.

तर दिवसभरात साधारण २ ते अडीच लिटर पाणी, प्रवासात पण. एकदम बाटली तोंडाला लावायची नाही, दर १५-२० मिनिटांनी चार घोट, म्हणजे मळमळत पण नाही आणि एकदम जोरात पण लागत नाही.

आता टॉयलेटचं. याला एकच उपाय, थांबे आधी ठरवायचे. किती वाजता पोचायचं यावरून नाही तर कुठे कुठे थांबायचं यावरून निघायची वेळ काढा. दीड-दोन तासाला एक थांबा, प्रत्येक ठिकाणी १५ मिनिटं, आणि हे गाडीत बसायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकायचं. चार तासांचा रस्ता असेल तर सरळ साडेचार-पाच तास धरून चाला. वाटेत ऐनवेळी सांगायला संकोच वाटतो, आधी ठरलेलं असलं की कोणी काही म्हणत नाही. पिशवीत टिश्यू, साबण नाहीतर सॅनिटायझर, सीट पुसायचे वाइप्स आणि एक जास्तीची अंडरवेअर ठेवा, शेवटच्या महिन्यांत नुसतं शिंकलं तरी थेंब जातो त्यात लाजण्यासारखं काही नाहीये.

प्रवास कधी करावा तर तब्येत ठीक असेल तर १४ ते २८ आठवडे हा सगळ्यात सोपा काळ. उलट्या थांबलेल्या असतात, पोट अजून फार जड झालेलं नसतं, अंगात जरा दम असतो. पहिल्या तीन महिन्यात प्रवास केला म्हणून गर्भपात होतो ही भीती खूप जणींच्या मनात बसलीये, पण सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषाने होतात, गाडीत बसल्याने नाही. त्यामुळे कोणाचं असं झालं असेल तर कृपा करून तिला तू प्रवास का केलास असं विचारू नका. हां, पण रक्तस्राव झालेला असेल, वार (म्हणजे प्लॅसेंटा) खाली असेल, बीपी वाढलेलं असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, जुळी असतील किंवा आधीचं बाळंतपण वेळेआधी झालेलं असेल तर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना विचारा, तिकीट काढून मग नाही.

विमानाचं म्हणाल तर बहुतेक कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि एक बाळ असेल तर ३६ आठवड्यांपर्यंत, जुळी असतील तर साधारण ३२ पर्यंत बसू देतात. नियम कंपनीप्रमाणे बदलतो म्हणून आधी वाचून घ्या. आणि इथे एक गोष्ट हमखास विसरते, जायच्या दिवशी कितवा आठवडा आहे ते सगळे मोजतात, यायच्या दिवशी कितवा असेल ते पण मोजा. जागा कडेची घ्या, चालायच्या वाटेच्या बाजूची. केबिनमधली हवा खूप कोरडी असते म्हणून तिथे पाणी नेहमीपेक्षा जास्तच लागतं. वर गेल्यावर पोटातला गॅस फुगतो त्यामुळे आदल्या जेवणापासूनच सोडावाली पेयं आणि गॅस करणारे पदार्थ टाळलेले बरे. सिक्युरिटीच्या मेटल डिटेक्टरने बाळाला काही होत नाही, निर्धास्त जा.

गाडीचा पट्टा. पोटावर दाब येईल म्हणून काहीजणी लावतच नाहीत, काहीजणी वरचा पट्टा काखेखालून घेतात नाहीतर पाठीमागे टाकतात. दोन्ही चुकीचं. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे हाडावर बसला पाहिजे, पोटाच्या मधोमध कधीच नाही. वरचा पट्टा खांद्यावरून येऊन दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने खाली गेला पाहिजे. लावून झाला की खालचा पट्टा हाताने अजून थोडा खाली सरकवायचा आणि वरचा ओढून ढिलाई काढून टाकायची, बसल्यावर पोट जरा पुढे येतं तेव्हा परत एकदा बघायचं. जाड स्वेटर किंवा जॅकेट असेल तर पट्टा त्याच्या आतून. स्वतः चालवत असाल तर छाती आणि स्टीअरिंग यात निदान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा, पोट वाढेल तशी सीट मागे घ्या, एअरबॅग बंद करायची नाही. आणि गाडीला छोटासा जरी धक्का बसला, तुम्हाला काहीच लागलं नाही असं वाटलं, तरी दवाखान्यात जाऊन या, कारण वरून खरचटलेलं सुद्धा नसताना आतमध्ये वार सुटू शकते.

बसमध्ये मागची सीट नको, सगळे हादरे तिथेच बसतात, मधली घ्या. चालत्या बसमध्ये किंवा ट्रेनमध्ये उठताना एक हात कायम दांड्याला, पोटामुळे तोल बदललेला असतो आणि ते पडेपर्यंत लक्षात येत नाही.

बसल्या जागी पायांचं काम चालू ठेवा. टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, मग घोटे गोल गोल, दर अर्ध्या तासाला दोन-तीन मिनिटं. पायावर पाय टाकून बसू नका. कम्प्रेशन स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय घट्ट धरून ठेवणारे लांब मोजे, वापरणार असाल तर योग्य मापाचे, आणि सकाळी सूज यायच्या आधी घालायचे, सुजल्यावर चढवायला गेलात तर चढत पण नाहीत. कंबरेच्या बाकात छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवला की पाठीला बराच आराम पडतो.

खाण्याचं आता. उपाशी पोटी प्रवास करू नका, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. आणि भरपेट पण नको, जळजळ होते. दर दोन तासाला थोडं थोडं, केळं, सफरचंद, खारीक, बदाम, टोस्ट, बिस्किट, असं कोरडं आणि न नासणारं बरोबर ठेवा. आल्याने बऱ्याच जणींना मळमळीत बरं वाटतं. घरून शिजवलेलं नेलं तर बाहेरच्या तापमानाला दोन तासांच्या आत संपवा, ऊन कडक असेल तर एक तासातच. बाहेर खाल्लंत तर गरम, वाफाळतं, समोर शिजलेलं. कापून ठेवलेली फळं, कच्चे मोड, न तापवलेलं दूध आणि त्याचं चीज, अर्धं कच्चं अंडं किंवा मटण हे बिलकुल नको, कारण लिस्टेरियासारखे जंतू आईला नुसता ताप आणतात पण बाळाला जिवावरचं ठरू शकतं, आणि लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीत पण वाढतो. चहा कॉफी चालेल पण दिवसाचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमबरोबर पण नको, दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाणी किंवा संत्र्याबरोबर घेतली तर लोह अंगी जास्त लागतं.

औषधांच्या बाबतीत मी फार कडक आहे. मळमळ, जुलाब, अंगदुखी कशासाठीही कोणीतरी दिलेली गोळी घेऊ नका, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर तर नाहीच, विशेषतः २० आठवड्यांनंतर. निघायच्या आधीच डॉक्टरांकडून काय चालेल ते कागदावर लिहून घ्या आणि तो कागद, रक्तगट, सोनोग्राफीचे रिपोर्ट, चालू गोळ्या हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही. जिथे जाताय तिथलं बाळंतपणाची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल आधीच शोधून नंबर सेव्ह करा. मलेरिया किंवा झिका (हा पण डासांमुळे पसरणारा आजार) असलेल्या भागात जाणं शक्यतो पुढेच ढकला.

वाटेत यातलं काही झालं तर पोचल्यावर बघू म्हणायचं नाही, आहे त्या गावात थांबून दवाखाना गाठायचा: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ठराविक वेळाने येणाऱ्या कळा, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यासमोर चमकणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं, एकदम दम लागणं किंवा छातीत दुखणं. आणि पायांची सूज बघताना दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखे सुजलेत तर बसून बसून झालं असेल, पण एकच पोटरी सुजलेली, दुखरी, गरम लागतेय तर तिथे मालिश अजिबात करू नका, लगेच डॉक्टर. ही गुठळी प्रवास संपल्यावर काही आठवड्यांनी सुद्धा होऊ शकते, त्यामुळे घरी परत आल्यावर पण रोज आंघोळीच्या वेळी दोन्ही पोटऱ्यांवरून हात फिरवून बघत जा.