उन्हासाठी झाडपाला लावताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या घरात जातो आणि माझ्याकडे भाजलेले हात दाखवायला बायका येऊ लागतात. बचत गटांना साबण-मलम करायला शिकवते मी, म्हणून. बहुतेकींनी घरीच काहीतरी लावलेलं असतं.

सगळ्यात वाईट चूक लिंबाची. गटातल्या एका ताईंच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिनं सालीसकट लिंबू हातांवर चोळलं आणि न धुताच स्कूटीवर भुसावळपर्यंत पत्रिका वाटून आली. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी आग, तिसऱ्या दिवशी फोड, आणि तेही रस जिथून कोपराकडे ओघळला होता नेमक्या त्याच रेघेवर. फोड बसले, पण तपकिरी पट्टे दिवाळीपर्यंत राहिले. लिंबात, त्यातही सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर ऊन, म्हणजे त्यातले अतिनील ए किरण पडले की कातडी भाजते. बावची या औषधी वनस्पतीतलं सोरालेन याच कुळातलं. डॉक्टर कोडावर ते किरणांसोबत मोजूनमापून देतात. अंजिराचा चीकही तसाच. मी लिंबू चिरलं की कोपरापर्यंत साबणानं हात धुते, मगच अंगणात पाय टाकते.

दुसरी चूक म्हणजे अर्कालाच सनस्क्रीन समजणं. ग्रीन टी आणि डाळिंबाच्या सालीतली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं चांगलीच आहेत, पण त्यांचं मुख्य काम किरण आत शिरल्यानंतरचं: तिथं तयार होणारे, पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स निकामी करायचं. किरण दारातच अडवायला ती पुरत नाहीत. म्हणून मी अर्क खाली लावते, तो सुकू देते आणि वर एसपीएफ (ऊन अडवण्याचं माप) ३०चं तयार सनस्क्रीन लावते. चेहरा-मानेला दोन बोटं भरून. एवढा धीर नसलेल्या मुली कोरफडीच्या गरात किरण अडवणारी झिंक ऑक्साइडची भुकटी चमच्यानं ढवळतात आणि झालं म्हणतात. त्यात बारीक गाठी राहतात. एका जागी थर बसतो, शेजारची कातडी उघडीच. गाजराच्या बियांच्या तेलाला एसपीएफ ४० असतो, हेही कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कोरफड लावायचीच तर ऊन लागल्यावर. पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण गळू द्या. त्यानं खाज सुटते.

हळदीचा लेप लावून उन्हात बसू नका. हळदीतलं गुणकारी द्रव्य, कर्क्युमिन, उजेडात लवकर खराब होतं.

आणि ऊन तापमानावरून मोजू नका. आपल्याकडे उकाडा तीनला कळस गाठतो, अतिनील किरण मात्र साडेबाराच्या सुमारास. डिसेंबरात कापूस वेचताना गार वाटतं म्हणून डोक्यावरचा रुमाल काढणाऱ्या बायका मी दरवर्षी पाहते. तो राहू द्या, आणि बाह्या मनगटापर्यंत.