इंटरकॉम अलर्ट अडॅप्टर: मेनू दिसतो, पण की चालत नाहीत (माझा अनुभव)

अडॅप्टर लॅपटॉपला सिरियल केबलने जोडल्यावर पुटीत (सिरियलवरून बोलायचा टर्मिनल प्रोग्रॅम) त्याचा मेनू नीट उमटायचा, पण आकडा दाबा की एंटर, काहीच हलत नसे. केबल बदलली, अडॅप्टर रीस्टार्ट केला. सिरियल स्पीड ९६०० वरून ११५२०० केला तर स्क्रीनवर नुसता कचरा. म्हणजे ९६०० बरोबरच होता. डोकं उठलं अगदी.

दोष फ्लो कंट्रोलचा (अक्षरं कधी पाठवायची ते ठरवणारी सेटिंग). पुटीत सेव्ह केलेल्या सेशनमध्ये आरटीएस/सीटीएस होतं, म्हणजे वेगळ्या तारेवरून ‘पाठव’ असा इशारा आल्यावरच पाठवायचं. तीन तारांच्या केबलमध्ये ती इशाऱ्याची तारच नसते, म्हणून लॅपटॉप अक्षरं पाठवतच नाही. येणारी मात्र दिसतात.

सेशन बंद करा. पुटीत कनेक्शन, मग सिरियल. फ्लो कंट्रोल ‘नन’. बाकी ९६००, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट, पॅरिटी नन. सेशन पानावर जाऊन आधी सेव्ह, मग ओपन. एकदा एंटर दाबा. अडॅप्टरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलल्यावर त्याच्या मेनूतलं सेव्ह निवडूनच बाहेर पडा, नाहीतर रीस्टार्टनंतर जुनाच पत्ता येतो.