चिऱ्याच्या जुन्या घराला आतून रंग देण्याआधी

कोकणात घर रंगवायची घाई श्रावणात सुरू होते. गणपतीला चाकरमानी येणार, घर भरणार, भिंती उजळ दिसायला हव्यात. हौस खरी आहे, पण भिंतीसाठी याहून वाईट वेळ नाही. जांभ्याचा चिरा जूनपासून पाणी पीत असतो. त्याच्यावर ऑगस्टात डिस्टेंपर चढवलं की बरेचदा तुळशीच्या लग्नापर्यंत पोपडे धरतात. गुहागरकडच्या आमच्या सासरच्या घराचं सगळं मीच बघते आणि माझा क्रम ठरलेला आहे: पावसात ओल शोधायची, दिवाळीनंतर डागडुजी, रंग पौष-माघात. गणपती बसतात ती खोली तेवढी मे महिन्यात, कौलं परतून झाली की चुन्याने पांढरी करून ठेवायची.

ओल शोधायला भर पावसात पेन्सिल घेऊन घरभर फिरा. ओलीच्या कडेने रेघ मारा, बाजूला तारीख घाला. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. डाग वरून खाली ओघळलेला असेल तर वर फुटकं किंवा सरकलेलं कौल आहे. पश्चिमेची भिंत मधोमध ओली असेल तर झडीचा मार आहे. बाहेरून झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा, नाहीतर पडवी पुढे वाढवा. आणि जमिनीपासून कमरेपर्यंत सरळ पट्टा ओला असेल, त्यावर पांढरी भुकटी फुलली असेल, तर पाणी खालून चढतंय. ती भुकटी म्हणजे लोणा, भिंतीतून बाहेर आलेला क्षार. रंगाच्या दुकानात यावर हमखास वॉटरप्रूफ पुट्टी नाहीतर सिमेंटचा गिलावा सुचवतात. जुन्या भिंतीवर तो करू नका. पाण्याला भिंतीतून बाहेर पडायची वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं आणि कमरेची ओल खांद्याला येते. उपाय बाहेर आहे. वर्षानुवर्षं अंगणात भर पडून माती जोत्याच्या वर आलेली असते. ती काढा, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार द्या. आतून लोणा कोरड्या ब्रशने झाडून भुकटी बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा भिंतीतच मुरतात.

दिवाळीनंतर भिंत वाळली का, हे असं पाहा: हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर थांबा.

आता भिंतीवर आधी काय आहे ते बघायचं. हे काम रंगाऱ्यावर सोडू नका. कपाटामागची, सहज न दिसणारी जागा निवडा आणि पत्र्याने वीतभर चौकोन हळूहळू खरवडा. आमच्या माजघरात वर गुलाबी डिस्टेंपर होतं, त्याखाली पोपटी, त्याखाली नीळ घातलेला चुना, मग पांढऱ्या चुन्याचे एकावर एक इतके हात की पापुद्रा उभा धरला तर कड जाडजूड दिसायची. सगळ्यात खाली गिलावा. डिस्टेंपर चुन्यापासून सुटत होतं, चुना मात्र गिलाव्याला घट्ट धरून होता. म्हणजे चुना ठेवायचा आणि वरचं सगळं काढायचं. ओलं बोट घासून पांढरं निघालं तर चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे; काहीच निघालं नाही तर ऑइलपेंट किंवा इमल्शन. ऑइलपेंटवर, डिस्टेंपरवर चुना धरत नाही, म्हणून हे आधी कळायला हवं. मग मुठीने भिंत ठोकत जा. पोकळ वाजेल तिथला गिलावा काढून एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू अशा मालाने भरा आणि वर पाणी शिंपडत सावकाश वाळू द्या.

जुन्या भिंतींना मी चुनाच देते. इमल्शन फक्त नंतर बांधलेल्या, सिमेंटच्या, कोरड्या खोल्यांना. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण अजून न भिजवलेला चुना, लोखंडी पिंपात भिजवायचा. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलंत तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा. डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. चुना जितका जास्त मुरेल तितका चांगला. फडक्यातून गाळून, डिंकाचं पाणी घालून दुधाइतका पातळ करा. भिंत आधी ओलसर करून घ्या आणि तीन पातळ हात द्या. ओला असताना चुना भिंतीवर दिसतही नाही, म्हणून रंगारी जाड हात मारायला बघतो. मारू देऊ नका, जाड हात तडकतो. चुलीचा धूर खाल्लेली भिंत आधी धुण्याच्या सोड्याने धुवा, नाहीतर काजळी वर येतेच.

दारं-खिडक्यांकडे फार जपून. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, असं धरूनच चाला. कोरडं घासू नका, जाळून रंग काढू नका. वॉटर पेपर आणि पाणी वापरा, खाली प्लॅस्टिक अंथरा, खरवड पिशवीत बांधा, जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत दुसरीकडे राहिलेली बरी. घासण्याआधी चौकटीला जमिनीलगत स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत रुतला तर वाळवी किंवा कूज आहे, तिचा बंदोबस्त पहिला.

वायरिंग बदलायचं असेल तर तेही आधी. रंगाऱ्याशी बोलताना खरवडणं, गिलाव्याची डागडुजी आणि रंगाचे हात यांची मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. जुन्या घरात खरवडण्यातच जास्त दिवस जातात आणि एकच आकडा ठरला की काटछाट नेमकी तिथे होते. मापं स्वतः घ्या: १२ बाय १० ची, १० फूट उंच खोली म्हणजे चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, त्यातून दारं-खिडक्या वजा.

रंग झाल्यावर कपाटं, कणग्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. मागून वारा खेळला पाहिजे.