कलमांची दुहेरी वही

एलएलबीला फौजदारी कायदा असेल तर पहिल्याच आठवड्यात एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: जुने कलम, नवे कलम, घटक (म्हणजे गुन्हा ठरायला सिद्ध कराव्या लागणाऱ्या गोष्टी).

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण तुम्ही वाचणार ते बहुतेक निवाडे तिच्याआधीच्या भारतीय दंडविधानावरचे. खुनाच्या शिक्षेसाठी निकालपत्रात ३०२ दिसेल, परीक्षेत १०३ लिहायचे आहे. फसवणुकीचे ४२० आता ३१८(४), खुनाच्या प्रयत्नाचे ३०७ आता १०९. शिवाय १ जुलैआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू, म्हणून कोर्टातही दोन्ही आकडे कानावर पडत राहणार.

तयार तक्ते बाजारात मिळतात. मला ते फारसे पटत नाहीत, कारण तिसरा रकाना स्वतः भरण्यातच खरा अभ्यास आहे. न्याय संहितेची कलमे १०० आणि १०१ घ्या: सदोष मनुष्यवध आणि खून. व्याख्या मूळ अधिनियमातूनच वाचा, हेतू कुठे आणि जाणीव कुठे ते पेन्सिलीने खुणावा, प्रत्येक खंडासमोर एकच निवाडा लिहा. १०१च्या तिसऱ्या खंडासमोर १९५८चा विरसा सिंग खटल्यातला निवाडा. पहिल्या अपवादासमोर १९६१चा नानावटी खटल्यातला: पत्नीने दिलेली विवाहबाह्य संबंधांची कबुली आणि नानावटीने तिच्या प्रियकरावर केलेला गोळीबार यांत सुमारे तीन तास गेले, राग निवायला तेवढा वेळ पुरेसा होता, म्हणून ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभा’चा बचाव सर्वोच्च न्यायालयाने नाकारला.

समस्याप्रधान प्रश्नात कलमाचा आकडा शेवटी लिहा. आधी घटक, मग प्रश्नातली वस्तुस्थिती त्यांना लावून दाखवा.