निर्वासितांच्या वसाहतीतील घराचा इतिहास कसा नोंदवावा

फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांना महाराष्ट्रात जिथे आसरा मिळाला, त्या उल्हासनगर, चेंबूर, मुलुंड, पिंपरी आणि कोल्हापूरजवळच्या गांधीनगरसारख्या वसाहतींत आज तिसरी आणि चौथी पिढी नांदते आहे. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. दुसरीकडे जुन्या बराकी आणि चाळी पाडून तिथे इमारती उभ्या राहत आहेत, आणि शीव कोळीवाड्याच्या गुरू तेग बहादूर नगरातील पंजाबी निर्वासितांच्या इमारती तर धोकादायक ठरून रिकाम्या झाल्या आहेत. सांगणारी माणसे आणि ज्याविषयी सांगायचे ती घरे, दोन्ही एकाच वेळी हातची जात आहेत. म्हणून आपल्या घराची, बराकीची किंवा सोसायटीची नोंद करण्याचे काम कुटुंबातल्या तरुणांनी आणि स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आताच हाती घ्यावे, आणि त्याची सुरुवात फाळणीच्या हकिकतीपासून न करता घरापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण असे की, ‘तेव्हा काय काय पाहिले?’ असा प्रश्न आल्याबरोबर वृद्ध माणूस एक तर गप्प होतो, नाहीतर अनेकदा सांगून घोटीव झालेली गोष्ट पुन्हा सांगतो. याउलट ‘पहिल्या रात्री कोणत्या भिंतीला डोके करून झोपलात?’, ‘चूल कुठे मांडली?’, ‘पाणी कोण भरत असे?’ असे विचारले, तर उत्तर देताना माणूस हाताने जागा दाखवू लागतो आणि पुढच्या गोष्टी आपोआप निघतात. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेली दंगल, त्यानंतर बोटीने मुंबईला किंवा ओखा बंदराला येणे, रेल्वेने राजस्थानच्या सीमेवरून येणे, हे विषय त्यांच्या वेळेला येतील. ते ओढून आणू नयेत.

भेटीला जाण्यापूर्वी वसाहतीची ठळक माहिती जवळ असावी. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी होती. तिथे दोन हजारांहून अधिक बराकी होत्या आणि त्यांत सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. छावणीचे पाच भाग आजही ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ म्हणूनच ओळखले जातात, आणि कित्येक पत्त्यांत बराकीचा व खोलीचा क्रमांक अजून लिहिला जातो. हा क्रमांक हाच तुमच्या नोंदीचा पहिला मथळा असावा, कारण इमारत बदलली, मालक बदलला, तरी जुनी कागदपत्रे त्याच क्रमांकाने सापडतात.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. मोजपट्टी, आखीव कागद आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरे. प्रथम खोली आज जशी आहे तशी काढावी: लांबी, रुंदी, दारे, खिडक्या, मोरी, माळा, छप्पर. मग घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला शेजारी बसवून त्याच मापाचा दुसरा कागद घ्यावा आणि त्यावर खोली मिळाली त्या वेळची स्थिती काढावी. लष्करी बराक म्हणजे एक लांबलचक दालन असे. त्यात अनेक कुटुंबे राहायला आली, तेव्हा मधल्या आडोशाला गोणपाट, चादरी, फळ्या, पत्रे असे जे मिळेल ते लावले गेले. तो आडोसा कोठे होता, किती उंच होता, वरून आवाज आणि धूर शेजारी जात असे का, विटांची भिंत कोणत्या वर्षाच्या आसपास आली आणि तिचा खर्च दोन्ही कुटुंबांनी वाटून घेतला का, हे एकेक करून विचारावे. वर्ष आठवत नसेल तर घरातल्या घटनेशी सांगड घालावी: थोरल्या मुलीच्या लग्नाआधी की नंतर, दुकान घेतले तेव्हा की त्याच्या आधी. दोन-तीन दशकांच्या अंतराने असे तीन-चार नकाशे तयार झाले की बाहेरची गल्ली कशी आत आली, ओटा कसा दुकान झाला, मुलाच्या संसारासाठी माळा कसा चढला, हे शब्दांपेक्षा स्पष्ट दिसते.

यानंतर एक काम आवर्जून करावे, कारण माझ्या मते संपूर्ण नोंदीचा गाभा तेच आहे. बराकीतील सर्व खोल्यांचा एक आराखडा काढून प्रत्येक खोलीत पहिल्यांदा आलेले कुटुंब सिंधमधील कोणत्या गावचे होते, हे लिहावे. शिकारपूर, लारकाना, सक्कर, हैदराबाद, कराची अशी नावे शेजारी-शेजारी येऊ लागतील. एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसे एका छपराखाली आली होती, की नात्यातल्यांनी खोल्यांची अदलाबदल करून जवळ राहण्याची सोय केली होती, हे अशा आराखड्यावरूनच कळते. सार्वजनिक नळ आणि संडास कोठे होते, रांगेची शिस्त कोण लावी, भांडण झाले तर मुखीकडे (समाजाच्या प्रमुखाकडे) जात की पंचायतीकडे, टिकाणो म्हणजे सिंधी प्रार्थनास्थळ कोणाच्या खोलीत सुरू झाले, चेटीचंडची (सिंधी नववर्षाची) आणि चालीहो या झुलेलालच्या व्रताच्या चाळीस दिवसांची पूजा कोणत्या मैदानात होई, याच आराखड्यावर खुणा करून लिहावे. खोलीत पुढे आलेले मराठी, गुजराती किंवा उत्तर भारतीय कुटुंब असेल, तर त्याचीही नोंद तितक्याच आस्थेने करावी, कारण वसाहत केवळ पहिल्या आलेल्यांची राहिलेली नाही.

उदरनिर्वाहाची हकिकत घरापासून वेगळी काढू नये. पापड, लोणची, शिवणकाम अशी कामे खोलीतच चालत आणि त्यांनी घराची रचना ठरवली. पापड कोठे वाळत घालत, माल कोण आणून देई, हिशेब कोण ठेवी, हे स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारावे. घरातील पुरुष समोर असले की ते उत्तर देऊ लागतात आणि दादी स्वयंपाकघरात जातात. शक्य असेल तर दुपारी, घर शांत असताना, घरातल्या सुनेला किंवा नातीला सोबत घेऊन बसावे. वडीलधाऱ्यांना ‘दादा’, ‘दादी’, ‘सांई’ असे म्हटल्याने दुरावा कमी होतो. मुलाखत सिंधीत झाली तर उत्तम. बोलणाऱ्याला मराठीत किंवा हिंदीत सांगावे लागले, की बारकावे गळतात.

कागदपत्रांच्या पेटीला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि प्रत्येक कागदाचे छायाचित्र तिथेच काढून मूळ कागद जागच्या जागी ठेवावा. पेटीत विस्थापित म्हणून नोंदणी झाल्याचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, सनद (घराच्या मालकीचा सरकारी दाखला) आणि विस्थापितांच्या दाव्यांविषयीच्या १९५० च्या कायद्याखाली केलेला दाव्याचा अर्ज यांपैकी काहीतरी बहुधा सापडेल. दाव्याचा अर्ज सर्वांत मोलाचा, कारण त्यात मागे राहिलेल्या मालमत्तेचा तपशील आणि किंमत लिहिलेली असते. पुढे १९५४ च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्याखाली मंजूर झालेली रक्कम कित्येकांच्या बाबतीत इथे मिळालेल्या सरकारी घराच्या किमतीत वळती करण्यात आली. गमावलेले घर आणि मिळालेले घर एकाच हिशेबात आले, ते असे.

जुनी पत्रे अरबी लिपीतील सिंधीत आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्या हटवाणिका लिपीत असू शकतात. नातवंडांना त्या वाचता येत नाहीत म्हणून हे कागद रद्दीत जातात, याचे मला फार वाईट वाटते. वाचणारी माणसे दरबारात (सिंधी धर्मस्थानात) आणि सिंधी शाळांतील निवृत्त शिक्षकांमध्ये अजून भेटतात. त्यांच्याकडून निदान तारीख, गाव आणि विषय एवढे तरी पाठीमागे पेन्सिलीने नव्हे, तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात नोंद करणाऱ्यांनी एक पायरी आणखी मागे जावे. तिथल्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली आणि इराणमार्गे भारतात आलेली ही माणसे प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले होती. त्यांनी तिथे शाळा, चर्च, इस्पितळ चालवले आणि ती गेल्यावर त्याच जागी सिंधी कुटुंबे आली. एक युद्धातले आणि एक फाळणीतले, अशा दोन विस्थापनांचे थर एकाच जमिनीवर असलेली अशी जागा विरळाच. म्हणून खोली ताब्यात आली तेव्हा आधीच्या रहिवाशांची कोणती खूण, कोणते सामान, कोणते झाड शिल्लक होते, हे गांधीनगरच्या वृद्धांना आणि वळिवडे गावातील मूळच्या रहिवाशांनाही विचारावे.

सर्वच माहिती प्रसिद्ध करण्याजोगी नसते. घरांच्या मालकीचे वाद अनेक ठिकाणी चालू आहेत, आणि उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून प्रश्न किती नाजूक आहे ते ध्यानात यावे. वाढीव बांधकामाचे वर्ष, सनदेचा क्रमांक, भावाभावांतील वाटणी हे तपशील कुटुंबाच्या प्रतीत ठेवावेत आणि सार्वजनिक प्रतीतून वगळावेत. काय वगळायचे याचा निर्णय नोंद करणाऱ्याने नव्हे, तर घरच्यांनी घ्यावा, आणि तो कागदावर लिहून त्यांची सही घ्यावी.

ध्वनिमुद्रण, नकाशे आणि छायाचित्रे यांच्या तीन प्रती कराव्यात: एक कुटुंबाकडे, एक नोंद करणाऱ्याकडे आणि एक जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. फाइलच्या नावात कॅम्प, बराक, खोली आणि तारीख याच क्रमाने यावी. लिहिलेला मजकूर अंतिम करण्यापूर्वी घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवावा. दोन भावांची आठवण जुळली नाही, तर एक खरी आणि दुसरी खोटी ठरवत बसू नये. दोन्ही आठवणी सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवाव्यात आणि मतभेद कोणत्या भिंतीविषयी आहे, ते नकाशावर दाखवावे.